टाकी आधी, ज्योत नंतर

ज्यांच्या घरी आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता, त्यांना छोट्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फारसा समजावून सांगावा लागत नाही. मधोमध नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, वर धूर. हाच बंब आडवा करा, आक्रसून वीतभराचा करा, दोन्ही तोंडं सिल्व्हर ब्रेझिंगनं बंद करा आणि निखाऱ्यांच्या जागी गॅसची ज्योत सोडा. बागेतल्या रेल्वेच्या इंजिनाचा बॉयलर झाला तयार. फरक एकच, पण मोठा: बंबाचं झाकण नुसतं वर टेकवलेलं असतं, पाणी उकळलं तर वाफ आपल्या वाटेनं जाते. इथे ती कोंडायची असते, कारण तिच्याकडून काम करून घ्यायचं असतं.

या कोंडलेल्या वाफेची सगळ्यांना धास्ती असते, आणि ती असावीच. म्हणून बॉयलरला सेफ्टी वॉल्व्ह असतो, दाबाचं घड्याळ असतं, बऱ्याच इंजिनांना पाण्याची काचही असते. नवा बॉयलर चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासून घ्यायचा, पुढे ठरावीक काळानं दीडपटीला, असा इंग्लंडमधल्या क्लबांचा शिरस्ता आहे. पण त्याच इंजिनात, ड्रायव्हरच्या खोपटात, आगपेटीहून थोडी मोठी अशी दुसरी एक दाबाची टाकी बसलेली असते. तिला ना घड्याळ, ना सेफ्टी वॉल्व्ह. तिच्याकडे कोणी बघत नाही. ती गॅसची टाकी. ही पुस्तिका तिच्यासाठी लिहिली आहे.

गेली काही वर्षं मी गच्चीवर ३२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर गाड्या पळवतो. हे माप इंग्लंडातलं. तिथल्या हौशी लोकांनी एका फुटाला १६ मिलिमीटर असं प्रमाण धरलं, त्यामुळे दोन फुटी नॅरोगेज बरोबर ३२ वर येतं. आपली माथेरानची गाडी दोन फुटीच, तेव्हा तिचं इंजिन करायचं मनात आलं तर रूळ आयते मिळतात, हिशेब करावा लागत नाही. गच्चीवर येणारा प्रत्येक नवा माणूस थोड्या वेळानं एकच प्रश्न विचारतो: ‘यात कुठला गॅस घालता? जास्त ताकदीचा कुठला?’

प्रश्नातच घोळ आहे. एक किलो ब्यूटेन जाळला तर साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो प्रोपेन जाळला तरी जवळपास तेवढीच. बॉयलरातल्या पाण्याला कुठला गॅस जळतोय ते कळतही नाही. ताकदीच्या नावाखाली या दोघांतून निवडण्यासारखं काही नाही. निवड ठरते ती टाकीवरून, आणि टाकी जिथे बसते त्या जागेच्या तापमानावरून. सगळ्या पुस्तिकेचं सार म्हणाल तर एवढंच. बाकीची पानं का आणि कसं यात गेली आहेत.

मागचा इतिहास थोडक्यात आटोपतो. लहान इंजिनांचं जुनं इंधन म्हणजे स्पिरिट. शाळेच्या प्रयोगशाळेतला वातीचा दिवा आठवा. इंग्लंडात १९३० च्या दशकात सुरू झालेल्या मॅमॉडची खेळण्यातली इंजिनं कित्येक वर्षं स्पिरिटवर चालली, आणि पुढे तिथे गोळीच्या रूपातलं घन इंधन आलं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. दिवा कलंडला की आग कुठवर पसरली ते हाताला चटका बसल्यावर कळतं. शिवाय आपल्याकडे त्या निळ्या बाटलीवर अबकारी खात्याची नजर. पलीकडे कोळशावर इंजिन चालवणारे शूर लोकही आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र एवढ्याशा भट्टीत शेंगदाण्याएवढे खडे टाकत बसण्याइतका धीर माझ्यात नाही. १९८० च्या दशकात डोंकास्टरच्या राउंडहाउससारख्या कारखान्यांनी गॅसवरची इंजिनं घडवली, आणि चावी फिरवली की आच कमी-जास्त होण्याची सोय आली. सोय आली तशी बेफिकिरीही आली.

आता टाकीत काय चालतं ते बघू. गॅस म्हणतो खरा, पण टाकीत भरतो ते द्रवच. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे खोलीत ठेवलेल्या टाकीतला द्रव सतत उकळू बघत असतो आणि स्वतःच्याच वाफेनं स्वतःला दाबून धरतो. त्या वाफेचा दाब टाकी किती भरली यावर नसतो, तापमानावर असतो. तळाशी चमचाभर द्रव असो की पाऊण टाकी, दाब तोच. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आकडे कुकरच्या भाषेत सांगतो. घरच्या कुकरची शिट्टी उडते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. २० अंशाला ब्यूटेनच्या टाकीत १.१ बार, म्हणजे एक कुकर. ४० अंशाला २.८, ६० अंशाला साडेपाचच्या जरा आत. आयसोब्यूटेनचे हेच आकडे साधारण २, ४.३ आणि पावणेआठ. आणि प्रोपेन? २० अंशाला ७.४, ४० अंशाला १२.७, ६० अंशाला २० बार. एकावर एक रचलेले वीस कुकर, आगपेटीएवढ्या डब्यात, आणि तो डबा पेटत्या बॉयलरला खेटून.

६० अंश कुठून आले, असं कोणी विचारेल. टाकी मुद्दामच बॉयलरजवळ बसवतात म्हणून. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती तो टाकीच्या धातूतूनच ओढून घेतो. इंजिन दहा मिनिटं चाललं की टाकीवर दव धरतं, हात लावला तर बर्फाच्या गोळ्यासारखी गार लागते. थंड झाली की दाब पडतो, ज्योत मलूल होते. म्हणून बॉयलरची ऊब टाकीला थोडी मिळावी अशी रचना करतात. टेंडरवाल्या इंजिनात टाकी कोमट पाण्यात बसवण्याची पद्धत आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत शहाणी. पाण्याचं तापमान एकदम चढत नाही आणि हात घालून बघता येतं. खोपटातल्या टाकीचं तसं नाही. गॅस निघत असेपर्यंत ती गार राहते. पण चावी बंद करून इंजिन उभं केलं, बॉयलर अजून तापलेला, वर एप्रिलचं ऊन, की पंधरा मिनिटांत तीच टाकी हाताला पोळते. दाब सर्वांत जास्त असतो तो इंजिन उभं असताना, आणि तेव्हा आपण चहा पीत असतो.

याच कारणानं इंग्रजी पुस्तकांतला सल्ला जसाच्या तसा उचलू नये. तिकडे थंडीत पारा शून्याजवळ गेला की ब्यूटेनची टाकी गप्प बसते, दाबच होत नाही. म्हणून ते ७० भाग ब्यूटेन आणि ३० भाग प्रोपेन असं मिश्रण वापरतात, आणि त्यांच्या हवेत ते बरोबरच आहे. तेच मिश्रण ४० अंशाला साधारण साडेसहा बार दाब दाखवतं. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्यात नुसत्या सावलीतच पारा ४५ ला जातो. आपल्याकडे थंडीतल्या पहाटेचे चार दिवस सोडले तर साधा ब्यूटेन पुरून उरतो, आणि त्या चार दिवसांवर कोमट पाण्याची वाटी हा उपाय आहे. मिश्रणाची आणखी एक खोड अशी, की त्यातला प्रोपेन आधी उडून जातो. सुरुवातीला ज्योत फुरफुरते, शेवटी मागे राहिलेल्या ब्यूटेनवर रडत चालते. एकाच चावीवर दोन स्वभाव सांभाळावे लागतात.

माझी पहिली टाकी मी इथल्याच एका कारागिराकडून करून घेतली होती. तांबं उत्तम, ठोकणं उत्तम, सांधे असे की नखाला लागू नयेत. तिच्यात तेच ७०:३० मिश्रण भरायचं माझ्या मनात होतं, कारण पुस्तकात तसं छापलं होतं. भरण्याआधी हातपंप जोडून पाण्याचा दाब द्यायचा, एवढी अक्कल सुदैवानं होती. पाण्यानंच तपासायचं, हवेनं नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी थेंब गळतो, तुकडे उडत नाहीत. साडेसहाची दुप्पट म्हणून १३ बारपर्यंत न्यायचं ठरवलं होतं. काटा नऊवर आला आणि खालच्या कडेला मोत्यासारखा एक थेंब उभा राहिला. मग दुसरा. मग ‘टच्’ असा बारीक आवाज, आणि काटा झरझर खाली. सांधा कथील-शिशाच्या डागानं लावलेला होता. कारागिराचा यात काय दोष? त्याला मी ‘डबा’ सांगितला होता, त्यानं डबाच केला होता. तसला डाग १८३ अंशाला वितळतो, आणि त्याच्या कितीतरी आधी, सततच्या दाबाखाली, हळूहळू ताणला जातो. बर्नरची ज्योत उलटून खोपटात आली, आणि ती येते, तर तो डाग काही सेकंदांचा सोबती. टाकीला सिल्व्हर ब्रेझिंगच हवं, ज्याचा डाग ६०० च्या वर वितळतो. ती फाटकी टाकी माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरविषयी सगळे विचारतात, म्हणून इथेच लिहून टाकतो. लाल सिलिंडरमधून छोट्या टाकीत गॅस काढणं बेकायदा आहे. गॅस सिलिंडरांचे नियम बघणारं स्फोटक-सुरक्षेचं केंद्रीय कार्यालय नागपुरातच आहे, तेव्हा हा काही दूरच्या मुलखाचा कायदा नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी ते शहाणपणाचं नाही. त्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं आणि प्रमाण एकच राहील याचा भरवसा नाही. आपल्या मानकाप्रमाणे ४० अंशाला त्याचा दाब साडेदहा बारपर्यंत चालतो. सिलिंडर त्यासाठी घडवलेला असतो, आपली टाकी नाही. ‘मग रेग्युलेटर लावून नळीनं देऊ का?’ असं पुढे येतंच. घरगुती रेग्युलेटर बाहेर सोडतो तो दाब ३० मिलिबार, म्हणजे शेगडीपुरता. आपल्या बर्नरचं जेट केसाएवढ्या भोकाचं, बारभर दाबाच्या हिशेबानं केलेलं. त्यातून एवढ्या दाबाला उदबत्तीएवढी ज्योत मिळेल.

आणखी दोन वायूंची नावं गच्चीवर निघतात. वेल्डिंगवाल्याकडचा ॲसिटिलीन सरळ नको. तो तांब्याशी मिळून कॉपर ॲसिटिलाइड बनवतो. ते वाळलं की नुसत्या घासण्यानं उडतं. आपली टाकी तांब्याची, नळी तांब्याची. ब्रेझिंगच्या टॉर्चसाठी मिळणारे पिवळे डबेही तसेच नकोत. त्यांत हल्ली बहुधा प्रोपिलीन असतो आणि त्याचा दाब प्रोपेनच्याही वर. टॉर्चला ते ठीक, खोपटाला नाही.

मग उरतं काय? लायटरमध्ये भरायचा ब्यूटेनचा डबा, किंवा सहलीच्या चपट्या शेगडीला लागणारा लांबट ब्यूटेनचा डबा. डब्यावर काय लिहिलंय ते वाचावं. नुसतं ‘गॅस’ लिहिलं असेल तर परत ठेवावा. लायटरच्या डब्याचा एक धोका मात्र सांगायलाच हवा. स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. लायटरचा गॅस गाळून-गाळून शुद्ध केलेला, त्याला कित्येकदा वास जवळजवळ नसतोच. नाक घेऊन गळती शोधायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. ब्रशनं साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं.

हे मी शिकलो ते रुळांवर नाही, पाण्यावर. एका मित्राची दोन-अडीच फुटी वाफेची होडी होती, लाकडी पोट, वर सागाच्या पट्ट्या, बघत राहावं अशी. तळ्याकाठी आम्ही टाकी होडीत बसलेली असतानाच भरली. डबा उलटा धरला, नळी वॉल्व्हवर दाबली, आत द्रव जाताना तो गुळगुळ आवाज आला, टाकी गार पडली, आणि भरली तशी वॉल्व्हच्या कडेनं पांढरी फवारणी झाली. नेहमीचंच. डबा काढला, माचिस ओढली. आवाज फटाक्याचा नव्हता, जाड चादर झटकावी तसा होता. सागाच्या दोन पट्ट्या उडून पाण्यात पडल्या. माझी उजवी भुवई परत यायला दीड महिना लागला.

घरी येऊन हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला. एक मिलिलिटर द्रव ब्यूटेनची सुमारे २४० मिलिलिटर वाफ होते. हवेत ती दोन टक्क्यांच्याही आत असली की पेटते. म्हणजे त्या फवाऱ्यातला एक मिलिलिटर, औषधाच्या ड्रॉपरमधले वीस थेंब, तेरा लिटर हवेला पेटण्याजोगं करतो. आणि ब्यूटेनची वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि होडीच्या पोटात थांबते. वारा होता, पण होडीच्या कडांच्या आत वारा नव्हता. तेव्हापासून टाकी होडीबाहेर काढून भरायची, पाच मिनिटं थांबायचं, होडी उपडी करून ‘ओतून’ रिकामी करायची. हसतात लोक. हसू देत.

टाकी काठोकाठ भरू नये, हे याच्याच पुढचं. गार टाकीत शिगोशीग भरलेला द्रव तापला की फुगतो. वर वाफेला जागा उरली नसेल तर मग दाबाचे वरचे सगळे आकडे विसरायचे. द्रवच भिंती रेटायला लागतो आणि त्यापुढे तांबं टिकत नाही. पाचवा हिस्सा रिकामा हवा. भरलेली टाकी आडवी-तिडवी झाली तर आणखी एक गंमत: जेटपर्यंत वाफेऐवजी द्रव पोचतो आणि चिमणीतून हातभर पिवळी ज्योत निघते. चढावर एकदा पाहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेटवण्याचं तंत्र दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, इथे चवीपुरतं. लायटर आधी चिमणीच्या तोंडाशी धरायचा, मग चावी अगदी किंचित उघडायची. गॅस बंबाच्या नळीसारख्या त्या नळीतून पुढे येतो, चिमणीशी पेटतो आणि ‘पप्प’ करून ज्योत मागे बर्नरवर जाऊन बसते. तीन-चार सेकंदांत ‘पप्प’ झालं नाही तर चावी बंद, फुंकर मारून नळी मोकळी, थोडं थांबायचं. उलटा क्रम, म्हणजे आधी गॅस आणि मग काडी, याचं वर्णन होडीच्या परिच्छेदात आलंच आहे. जेट तुंबलं तर स्टोव्हची पिन घालायची नाही. भोक कणभर मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. जेट उलटं करून गॅसच्याच दाबानं साफ करावं, नाहीतर नवं घ्यावं. सिलिकॉनची नळी गॅसला चालत नाही, कितीही मऊ आणि छान वाटली तरी. तिच्यातून गॅस झिरपतो.

आणि पंखे-खिडक्या बंद करून दिवाणखान्यात इंजिन चालवायचं नाही. एवढ्याशा नळीत कोंदटलेली ज्योत अपुरी जळली की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्याला तर वासही नाही. आमच्या घरात हा नियम बायकोनं घातला, कारण वेगळं होतं, पडद्यांचं.

शेवटचा हिशेब पाण्याचा. बॉयलरात २०० मिलिलिटर पाणी असेल तर ते सगळं ३ बारच्या वाफेत बदलायला साधारण ५३० किलोज्यूल लागतात. निम्मी आच चिमणीतून वाया जाते असं धरलं तर २३ ग्रॅम ब्यूटेन, म्हणजे द्रवाचे ४० मिलिलिटर. टाकी याहून लहान ठेवली की गॅस आधी संपतो आणि पाणी मागे उरतं. मोठी ठेवली की पाणी आधी संपतं आणि ज्योत कोरड्या तांब्यावर लागते. ‘जास्त वेळ चालावं’ म्हणून मोठी टाकी बसवून घेणारे मला दरवर्षी एक-दोन भेटतात. त्यांना मी काही बोलत नाही, टेबलावरचं पेपरवेट हातात देतो.

पुस्तिकेची मांडणी अर्थातच याच क्रमानं आहे. पहिलं प्रकरण टाकीचं: पत्र्याची जाडी, सांधे, पाण्याची चाचणी, भरण्याची रीत. दुसऱ्यात चावी, नळ्या आणि पेटवणं. बर्नर आणि त्यांच्या ज्योती तिसऱ्यात येतात. तिसरं आधी वाचायचा मोह होईल, चित्रंही त्यातच जास्त आहेत, म्हणून ते मुद्दाम मागे ठेवलं आहे.